काका, तुम्ही कुठले?

मराठी माणूस म्हातारा कधी होतो? केस पिकल्यावर नाही, गुडघे कुरकुरायला लागल्यावरही नाही. बसमध्ये मागून एखादं कॉलेजातलं पोरगं "काका, जरा पुढे सरकता का?" म्हणतं, त्या क्षणी होतो. एकच अक्षर दोनदा म्हटलं की झाला हा शब्द. पण त्यात वय, नातं, मान आणि चिमूटभर अपमान असा सगळा ऐवज मावतो.

इतक्या सैल हाताने वापरला जाणारा नात्याचा शब्द मराठीत दुसरा नसेल. वडिलांचा भाऊ काका, हे झालं पुस्तकी. मावशीचा नवरा काका, आत्याचा नवरा काका, बाबांच्या ऑफिसातले सगळे काका, खालच्या मजल्यावरचे जोशीकाका. शाळेची व्हॅन चालवणारे व्हॅनकाका, रिक्षावाले रिक्षाकाका. पुण्यात तर मिठाईच्या दुकानावरही काका हलवाई अशी पाटी. केवळ मिशा नसल्यामुळे जिचं काका होणं हुकलं, ती आत्याबाई म्हणीत बसलेली आहेच. वडिलांच्या सख्ख्या भावाला खास असा 'चुलता' हा शब्द होता, तो आता वारसनोंदीत आणि कोर्टाच्या कागदांत उरलाय.

आता हीच दोन अक्षरं खिशात घालून जगात हिंडायला निघा. कुठे त्यांचा अर्थ भाऊ, कुठे बाळ, कुठे बायको, कुठे पोपट, कुठे बिस्कीट. आणि अर्ध्या युरोपात जो अर्थ आहे, तो जेवण झाल्यावरच सांगावा.

पाळण्यातला काका

सुरुवात फार लांबून नको, पंजाबपासून करू. पंजाबीत काका म्हणजे लहान मुलगा, बाळ. मुलगी असेल तर काकी. म्हणजे आपल्याकडे काका बाळाला खेळवतात आणि तिकडे काकालाच खेळवतात. आपली काकी पंगतीत आग्रह करकरून वाढते, तिकडची काकी अजून रांगते.

हिंदी सिनेमाचं एक जुनं कोडं इथे सुटतं. राजेश खन्ना ऐन भरात होता तेव्हा त्याच्या पांढऱ्या गाडीवर पोरी लिपस्टिकचे ठसे उमटवून जात. ज्याच्यावर मुली अशा जीव टाकतात त्याला सगळी इंडस्ट्री 'काका' का म्हणते, हे मराठी प्रेक्षकाला कळत नसे. उत्तर त्याच्या जन्मगावात आहे. २९ डिसेंबर १९४२ रोजी अमृतसरला जन्मलेला हा जतिन खन्ना पुढे वाढला आपल्या गिरगावात, ठाकूरद्वारला. पण घर पंजाबी, त्यामुळे घरातलं लाडकं पोर ते काका. आपल्याकडे एखाद्या साठीच्या माणसाला अख्खी आळी 'बाळ्या' म्हणते ना, तोच प्रकार. 'ऊपर आका, नीचे काका' ही त्या काळची फिल्मी म्हण. वर देव आणि खाली बाळ, असा तिचा खरा अर्थ घेतला तर ती आणखीच गोड लागते.

हाथरसच्या काकांची कथा निराळी. प्रभुलाल गर्ग या गृहस्थांनी एका नाटकात काकाची भूमिका केली, ती गाजली आणि ते जन्मभराचे काका हाथरसी झाले. हिंदी हास्यकवितेतलं हे मोठं नाव. त्यांचा मराठीशी असलेला धागा फारसा कुणाला माहीत नसतो. त्यांच्या हाथरसच्या 'संगीत कार्यालया'ने पंडित भातखंडे यांचे मूळ मराठीतले संगीतग्रंथ हिंदीत आणले आणि उत्तरेतल्या विद्यार्थ्यांच्या हाती दिले. काका जन्मले १८ सप्टेंबर १९०६ला आणि गेलेही १८ सप्टेंबरलाच, १९९५ साली. मागे कुणी रडायचं नाही, अशी त्यांची इच्छा होती. हास्यकवींनी ती पाळली आणि स्मशानातच कविसंमेलन भरवलं.

आपले काका कालेलकर म्हणजे साताऱ्यात जन्मलेले दत्तात्रेय बाळकृष्ण. त्यांना ही पदवी पुतण्यांनी दिलेली नाही, शाळेने दिली. बडोद्याच्या गंगनाथ विद्यालयात शिक्षकांना सर, मास्तर असं काही न म्हणता घरच्या नात्यांनी हाक मारायची, अशी रीत ठेवली होती. त्यात फडके झाले मामा, हरिहर शर्मा झाले अण्णा आणि कालेलकर झाले काका. पुढे शाळा बंद पडली, पण नाती टिकली. मामा फडके आणि काका कालेलकर ही नावं इतिहासात गेली ती अशी. या साताऱ्याच्या काकांना गांधीजींनी 'सवाई गुजराती' म्हटलं आणि १९६५चा साहित्य अकादमी पुरस्कारही त्यांना गुजरातीसाठीच मिळाला.

मराठीतली सर्वांत प्रसिद्ध 'काका' ही हाक मात्र मायेची नाही. ३० ऑगस्ट १७७३, पुण्याचा शनिवारवाडा. पगाराच्या थकबाकीचं निमित्त करून गारदी वाड्यात घुसले. अठरा वर्षांचे नारायणराव पेशवे धावत चुलत्याच्या दालनात शिरले आणि त्यांच्या कमरेला मिठी मारली. 'काका, मला वाचवा' हे शब्द मराठी मुलुखात तेव्हापासून आहेत. 'ध'चा 'मा' आनंदीबाईंनी केला की आणखी कुणी, यावर इतिहासकारांनी वाद घालावा. रामशास्त्री प्रभुण्यांनी मात्र चौकशी करून थेट काकांनाच दोषी धरलं. आणि हे काका इतिहासात कुठल्या नावाने ओळखले जातात? राघोबादादा! एकाच माणसाच्या नावात दादा, हाकेत काका आणि वागण्यात दोन्ही नाही.

पुढे या नात्याचं महाराष्ट्राच्या राजकारणात काय काय झालं, ते सांगायची गरज नाही. काका-पुतण्यांच्या जोड्या वाचकांना पाढ्यांसारख्या पाठ आहेत.

कावळा आणि फांदी

संस्कृतात काक म्हणजे कावळा, हे शाळेत शिकलोय. हा शब्द कुणी बसून तयार केलेला नाही. कावळ्याने स्वतःच तो सांगितला आहे. तमिळ आणि मल्याळममध्येही कावळा म्हणजे काक्का. जपानी कावळासुद्धा 'का का' असंच ओरडतो. कावळ्यांनी निदान आपल्या नावाबाबत जगभर एकमत ठेवलंय.

संस्कृत पंडितांनी या पक्ष्याला कामाला किती लावलं ते बघण्यासारखं आहे. हस्तलिखितात एखादं अक्षर गाळलं गेलं की तिथे काढायची खूण म्हणजे काकपद, कावळ्याचं पाऊल. कावळ्याला दात किती, याची चौकशी म्हणजे काकदंतपरीक्षा, अर्थात निव्वळ रिकामटेकडा उद्योग (हा लेखही त्यातच मोडतो, असं काही जण म्हणतील). आणि ताडाखाली कावळा यावा व नेमकं त्याच वेळी फळ पडावं, तो काकतालीय न्याय. मराठीने त्याला घरचा पेहराव चढवला: कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. ही म्हण हाताशी ठेवा, पुढे तिचं पावलोपावली काम पडणार आहे.

कावळा आणि काका यांची गाठ घालणारे हौशी व्युत्पत्तीकार भेटतातच. कावळा पितरांचा, काका वाडवडिलांपैकी, म्हणून काकावरून काका! दहाव्याला घाटावर हे ऐकायला बरं वाटतं. पिंड ठेवलेला असतो, कावळे झाडावर बसून मजा बघत असतात, आणि घरातले एकेक जण हात जोडून "धाकट्याच्या लग्नाचं मी बघतो", "वाटणीवरून भांडण होणार नाही" अशी आश्वासनं देत असतात. शेवटी कुणीच आलं नाही तर दर्भाचा कावळा करून भटजी प्रकरण मिटवतात. प्रसंग गंभीर आहे, पण शब्दांची व्युत्पत्ती अशी घाटावर ठरत नाही.

तमिळनाडूत कावळ्याचा थाट वेगळा. पोंगलच्या दुसऱ्या दिवशी बायका हळदीच्या पानांवर रंगीत भाताचे मुटके मांडतात आणि कावळ्यांना हाका मारतात, तेही भावाच्या भल्यासाठी. त्याच तमिळमध्ये 'काक्का पिडी', म्हणजे शब्दशः कावळा पकडणे, याचा अर्थ आहे मस्का मारणे. कावळ्याचा आणि मस्क्याचा काय संबंध? जाणकार तमिळ लोक सांगतात, मूळ शब्द 'काल्-कै पिडी', पाय-हात धरणे. बोलता बोलता त्याचा कावळा झाला. तेलुगूतही 'काका पट्टडम्' म्हणजे लोणी लावणंच.

केरळात मात्र काक्का झाडावरून उतरतो आणि दुकानात येऊन बसतो. मलबारकडच्या मुसलमान घरांत काक्का किंवा इक्का म्हणजे थोरला भाऊ. मामुट्टीला चाहते 'मम्मुक्का' म्हणतात, त्यातला 'क्का' हाच. बेंगळुरूत केरळी माणसाच्या चहा-केळी-सिगारेटच्या टपरीला 'काका अंगडी' म्हणायची पद्धत आहे, तीही यावरूनच.

काबूलपर्यंत नातं शाबूत

वायव्येकडे निघालो तर शब्द फारसा बदलतच नाही. अफगाणिस्तानातल्या दरी भाषेत काका म्हणजे वडिलांचा भाऊ आणि मामा म्हणजे आईचा भाऊ. पुण्यातली जोडी काबूलमध्ये जशीच्या तशी! पश्तूतही चुलत्याला काकाच. इराणात पुढे गेलं की राजधानीच्या भाषेत चुलत्याला 'अमू' म्हणतात. पण दक्षिणेला शिराझकडे काका म्हणजे भाऊ, आणि तिथल्या खास हेलात 'काको'.

याच शिराझची एक गाजलेली कथा आहे, सादेक हेदायतची 'दाश आकल'. नायक दाश आकल, त्याचा वैरी काका रोस्तम. दाश म्हणजेही भाऊ, काका म्हणजेही भाऊ, आणि दोघे एकमेकांच्या जिवावर उठलेले. शनिवारवाड्याची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

कुर्द लोकांत थोरल्या भावाला आणि एकूणच मानाने पुरुषाला 'काक' किंवा 'काका' म्हणतात. इराकमध्ये यारसान पंथाच्या लोकांचं नावच 'काकाई', म्हणजे एकमेकांना भाऊ मानणारे. पुणे, काबूल, शिराझ, किर्कुक अशी ही साखळी बघितली की इथे नुसता कावळा बसलेला नाही, फांदी खरोखर एकाच झाडाची असावी, असं वाटायला जागा आहे.

आता नाकाला रुमाल

इथून पुढे पश्चिमेला जाताना आपल्या काकांना घरीच ठेवा. फ्रेंच, स्पॅनिश, ग्रीक, हंगेरियन, तुर्की, बास्क अशा भाषांत लहान मुलांच्या बोलीत काका म्हणजे शी. हो, तीच. इटालियन 'कक्का' म्हणतात, फिनिश लोकही 'कक्का'. आपल्या 'शी'चे जे दोन उपयोग आहेत तेच तिकडेही आहेत. पोराला लागली की काका, आणि पोराने रस्त्यावरचं काही उचलून तोंडात घातलं की आई डोळे मोठे करून ओरडते, "काका!"

यातल्या बऱ्याच शब्दांचं घराणं जुनं आहे. लॅटिनमध्ये 'काकारे' म्हणजे शौचाला बसणे. ज्वालामुखीने इसवी सन ७९ मध्ये गाडून टाकलेल्या पॉम्पेईच्या भिंतींवर एक ताकीद सापडली आहे: इथे बसणाऱ्या 'काकातोर'ने आपलं वाईट होईल हे ध्यानात ठेवावं. भिंतीवर देवांच्या टाइल्स बसवून हाच संदेश देणाऱ्या देशात ही ताकीद समजावून सांगावी लागणार नाही. बार्सिलोनाच्या बाजूला नाताळात येशूच्या जन्माचा देखावा मांडतात, त्यात गुराखी, मेंढ्या, राजे यांच्यामागे एका कोपऱ्यात विजार सोडून बसलेला एक गावकरी हमखास असतो. त्याला 'कागानेर' म्हणतात. शब्द लॅटिन काकारेच्याच वंशातला. फ्रेंचांनी तर रंगालाही सोडलं नाही. हिरवट पिवळ्या छटेचं त्यांच्याकडे नावच आहे 'काका द्वा', हंसाची शी. पैठणीच्या दुकानात असा रंग मागून बघा.

ग्रीकमध्ये 'काकोस' म्हणजे वाईट, आणि त्याचं मूळही याच बाळबोलीत असावं, असं अनेक अभ्यासकांना वाटतं. कर्कश गोंगाटाला इंग्रजीत कॅकोफनी म्हणतात ते या काकोसवरून. त्याचंच दुसरं अपत्य कॅकिस्टोक्रसी, म्हणजे सर्वांत नालायक माणसांचं राज्य. हा शब्द सतराव्या शतकापासून इंग्रजीत धूळ खात होता. 'द इकॉनॉमिस्ट' साप्ताहिकाने २०२४ साली त्यालाच वर्षाचा शब्द म्हणून निवडलं. मराठीत 'काकाशाही' असा अनुवाद करायचा मोह होतो, पण काही घरांत त्याचा अर्थ भलताच लागेल.

आता कल्पना करा, असल्या युरोपात एक देखणा ब्राझिलियन तरुण पाठीवर 'काका' असं नाव लिहून फुटबॉल खेळायला उतरतो. रिकार्दो हे त्याचं खरं नाव. धाकट्या भावाला, रॉद्रिगोला, ते म्हणता येईना. तो म्हणे 'काका'. घरात तेच रूढ झालं आणि पुढे सगळ्या जगात. एसी मिलानकडून खेळताना २००७ साली त्याने बालोन द'ओर पटकावला. पुढची दहा वर्षं तो पुरस्कार मेस्सी आणि रोनाल्डो सोडून कुणाच्या हाती लागला नाही, यावरून काकाची उंची समजावी. २००९मध्ये तो माद्रिदला आला तेव्हा स्पॅनिश समालोचकांना वाचवलं ते फक्त आघाताने. त्याच्या नावात जोर दुसऱ्या 'का'वर पडतो, शीच्या शब्दात पहिल्यावर. जोर चुकला की गोल कुणी केला याची बातमी एकदम सफाई खात्याची होते.

केकचे आजोबा

युरोपातलाच, पण तोंडाला पाणी आणणारा काका उत्तरेत भेटतो. स्वीडिश आणि आइसलँडिक भाषांत 'काका' म्हणजे केक, बिस्कीट, कुकी. जुन्या नॉर्स भाषेत हा शब्द होताच; व्हायकिंग लोक इंग्लंडात येऊन वसले, त्यांच्या बोलीचे शब्द इंग्रजीत मुरले आणि त्यातल्या काकाचा झाला 'केक'. म्हणजे पुतण्याच्या वाढदिवसाला बेकरीतून केक घेऊन येणारे काका हातात आपलाच नामबंधू घेऊन येत असतात. हा काकतालीय न्याय नव्हे, हे मात्र ध्यानात ठेवा: काका आणि केक यांचं नातं कागदोपत्री सिद्ध आहे. आपल्या काकांचा त्यात काही वाटा नाही, एवढंच.

स्वीडनमध्ये पाहुणे कॉफीला आले की सात प्रकारचे काका मांडायचे, ही जुनी शिस्त. सहा मांडले तर कंजूष, आठ मांडले तर फुशारकी. 'सात प्रकारचे काका' याच नावाचं पाककृतींचं पुस्तक १९४५ साली निघालं आणि ते तिथल्या घराघरांत पोचलं. नाताळातल्या आल्याच्या बिस्किटांना 'पेपरकाकोर' म्हणतात. काकोर हे अनेकवचन. संकेतस्थळ उघडल्यावर कुकीज घ्यायच्या का, असं जे आपल्याला छळून विचारतात, तेही स्वीडिशमध्ये 'काकोर'च. 'काका सोकेर माका' अशी तिथली एक म्हण आहे: बिस्कीट आपल्यासारखंच बिस्कीट शोधतं, अर्थात समानशील माणसं एकत्र येतात.

शेजारच्या फिनलंडमध्ये मात्र जिभेला लगाम हवा. 'कक्कु' म्हणजे केक, 'कक्का' म्हणजे शी. वाढदिवसाच्या घरी एक स्वर चुकला तर यजमानीण पुन्हा बोलावणार नाही.

पंखवाले काका

न्यूझीलंडमध्ये काका उडतो. माओरी भाषेत 'काका' हा एक मोठा, तपकिरी-हिरवट जंगली पोपट. नाव ओरडण्यावरून पडलेलं. वेलिंग्टन शहरातून तो नामशेष झाला होता. २००२पासून झीलँडिया या कुंपण घातलेल्या अभयारण्यात तो पुन्हा सोडला, आणि आता तो शहरभर हिंडून लोकांच्या बागेतल्या झाडांच्या साली सोलतो. ज्यांनी परत आणला तेच आता झाडांची काळजी करतात.

त्याचा भाऊबंद काकापो. 'पो' म्हणजे रात्र, रात्रीचा काका. जगातला सर्वांत वजनदार पोपट, उडता न येणारा, निशाचर. माणसाने आणलेल्या मांजरी, उंदीर आणि स्टोटसारखे छोटे शिकारी प्राणी यांनी त्याचा फडशा पाडला. १९९५मध्ये जगात फक्त ५१ काकापो उरले होते. आज ते दोन-अडीचशेच्या घरात आहेत आणि प्रत्येकाला स्वतःचं नाव आहे. त्यातला सिरोको नावाचा नर माणसांत वाढला. २००९च्या एका बीबीसी मालिकेचं चित्रीकरण चालू असताना त्याने प्राणिशास्त्रज्ञ मार्क कारवर्डीन यांच्या मानेवर चढून थेट प्रणय सुरू केला. ते चित्रण जगभर पोटभर हसून पाहिलं गेलं. दुसऱ्याच वर्षी पंतप्रधान जॉन की यांनी सिरोकोला निसर्गसंवर्धनाचा सरकारी प्रवक्ता नेमलं. प्रवक्तेपदासाठी याहून विचित्र पात्रता ऐकिवात नाही.

आणि आपला काकाकुवा? डोक्यावर तुरा असलेला पांढरा पोपट, सर्कशीत सायकल चालवणारा. मूळ शब्द मलय भाषेतला 'काकातुआ'. तिकडे 'काकाक' म्हणजे थोरलं भावंड, 'तुआ' म्हणजे वयस्क. म्हणून काकातुआ म्हणजे बुजुर्ग भाऊ, अशी एक फोड सांगतात, तर काहींच्या मते हाही पक्ष्याचा आवाजच. इंडोनेशियात खिळे उपटायच्या पकडीलाही काकातुआ म्हणतात. त्या चोचीत एकदा ज्याचं बोट सापडलं असेल, त्याला कारण विचारू नका. डचांनी आणि पोर्तुगीजांनी हा शब्द जहाजातून युरोपात नेला, इंग्रजीत तो कॉकटू झाला आणि मराठी जिभेवर तुआचा कुवा.

पक्षी मात्र जहाजवाल्या गोऱ्यांच्या कितीतरी आधी युरोपात पोचला होता. सिसिलीचा राजा आणि पवित्र रोमन सम्राट दुसरा फ्रेडरिक याला ससाण्यांच्या शिकारीचा नाद. त्यावर त्याने तेराव्या शतकात लिहिलेल्या ग्रंथाची हस्तप्रत व्हॅटिकनमध्ये आहे. तिच्या पानांवर इजिप्तच्या सुलतानाने भेट दिलेल्या पांढऱ्या काकाकुव्याची चित्रं आहेत. २०१८ साली संशोधकांनी ती पुढे आणली, तेव्हा कळलं की ऑस्ट्रेलिया-न्यू गिनीच्या टापूतला हा पक्षी कुठल्याही युरोपीय खलाशाने तो टापू बघण्याच्या शतकं आधी हातोहात भूमध्य समुद्रापर्यंत आला होता.

बायकोचं राज्य आणि बाळाचं तोंड

जपानीत 'काका' किंवा 'काकाआ' म्हणजे बायको, आणि तीही घरची कारभारीण. 'काकाआ देन्का' म्हणजे बायकोचं राज्य. गुन्मा प्रांताची ख्याती दोन गोष्टींसाठी: कोरडा बोचरा वारा आणि काकाआ देन्का. कारण सरळ आहे, तिथे रेशमाचा धंदा. किडे पाळणं, धागा काढणं, विणणं सगळं बायका करत आणि पैसाही त्याच घरात आणत. मग राज्य दुसऱ्या कुणाचं असणार? १८७२ साली सुरू झालेली तोमिओकाची रेशीम गिरणी याच प्रांतातली. २०१५ मध्ये जपान सरकारने 'काकाआ देन्का' हे नाव देऊनच गुन्माच्या रेशीमकथेला राष्ट्रीय वारशाचा दर्जा दिला. टोमणा होता, त्याची सनद झाली.

पेरूच्या डोंगरांत क्वेचुआ भाषेत काका म्हणजे आईचा भाऊ, आपला मामा. गोन्सालेस होल्गिन या स्पॅनिश पाद्र्याने १६०८च्या शब्दकोशात तो अर्थ नोंदवला आहे. स्वतःच्या भाषेत त्या शब्दाचा अर्थ काय, हे विसरून त्याने तो लिहून घेतला, याबद्दल त्याच्या संयमाला दाद द्यावी. बॅबिलोनियाच्या सृष्टिकथेत काका नावाचा देव आहे. काम निरोप्याचं. देवांच्या दरबारातून ऐकलेला लांबलचक निरोप तो पुढच्यांना जाऊन शब्द न शब्द म्हणून दाखवतो, आणि एवढं करून कथेतून निघून जातो.

आता यावर कुणीतरी फॉरवर्ड लिहिणारच: पेरूपासून बॅबिलोनपर्यंत काका, म्हणजे मराठे सगळीकडे जाऊन आले होते! तर नाही. पेरूतला मामा आणि पुण्यातला काका, यांत कावळा बसला आणि फांदी तुटली, एवढंच. भाषाशास्त्रज्ञ रोमन याकबसन यांनी 'मामा' आणि 'पापा' हेच शब्द जगभर का आढळतात, याचा उलगडा केला होता. तान्हं मूल तोंड उघडमीट करत सोपी अक्षरं दोन-दोनदा म्हणतं. त्यात त्याचा काही उद्देश नसतो. अर्थ लावतात मोठी माणसं, आणि ज्याला त्याला वाटतं की बाळ आपल्यालाच बोलावतंय. म्हणून जॉर्जियात मामा म्हणजे चक्क बाप आणि देदा म्हणजे आई. रिकार्दोच्या धाकट्या भावाने बोबड्या बोलीत जे केलं, तेच बाळं हजारो वर्षं करत आली आहेत. त्या 'काका'ला कुणी चुलता समजलं, कुणी भाऊ, आणि युरोपातल्या आयांनी मात्र घाईघाईने लंगोट बघितला.

राहता राहिली आफ्रिका. पश्चिमेकडच्या हौसा भाषेत काका म्हणजे आजी किंवा आजोबा, आणि सूर बदलून म्हटलं की सुगीचा हंगाम. पूर्वेकडे केनिया-टांझानियात स्वाहिली चालते. तिथल्या गुजराती पेढ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या काका बसलेत, पण स्वाहिलीचा काका वेगळा: तो भाऊ. कुणाही तरुणाला अदबीने हाक मारायची तर 'काका'. आणि बहिणीला काय म्हणतात? दादा. तेव्हा मराठी प्रवाशांनो, नैरोबीच्या बाजारात मागून "दादा!" अशी हाक आली तर मिशीवर ताव देत वळू नका. हाक तुमच्या बायकोला आहे.